डेपोतली चाळलेली माती शेतात घ्यावी का?

पाटाचं_पाणी

मंडळी, सल्ला हवाय, आणि जरा घाईने हवाय.

आमचं गाव मराठवाड्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाच्या शिवेला लागून नगरपालिकेचा जुना कचरा डेपो आहे. तिथे वर्षानुवर्षं सगळंच पडत आलं: ओला कचरा, दवाखान्याच्या पिशव्या, गॅरेजच्या तेलकट चिंध्या, फुटक्या बॅटऱ्या, ट्यूबलाइटी, मेलेली जनावरं. आता तो डोंगर उपसायचं काम सुरू झालंय. पोकलेन आणि फिरत्या ड्रमची मोठी चाळणी आली आहे. प्लास्टिक-चिंध्यांचे गठ्ठे बांधून सिमेंट कारखान्याला जातात, दगडविटा वेगळ्या काढतात, आणि चाळणीखाली जी काळी भुसभुशीत माती पडते ती ठेकेदार शेतकऱ्यांना वाटतोय. पैसे नाहीत, वाहतूकही त्याचीच.

शेती धाकटा भाऊ बघतो. विहिरीजवळच्या एका एकरात वांगी, पालक, मेथी असतं. तिथे दहा हायवा (मोठे डंपर) टाकून घ्यायच्या म्हणतोय. शेजारच्या काकांनी गेल्या हंगामात टाकली, त्यांचा पालक असा आला की बाजारात पहिल्यांदा त्यांच्याच जुड्या उचलल्या जातात. मी फोनवर नको म्हटलं तर भाऊ म्हणाला, "शेणखताच्या ट्रॉलीचा भाव विचार आणि मग बोल." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. शिसं, कॅडमियम वगैरे शब्द ऐकून माहीत आहेत, पण नुसत्या शब्दांवर त्याला कसं थांबवू?

नाबाद_९९

फुकट खत! घ्या की राव. शहरात बसून गावाला अक्कल शिकवायची हौस सगळ्यांनाच असते. काकांचा पालक खाऊन कोणी आजारी पडलं का?

खुरपं

नाबाद, पालक खाऊन कोणी त्याच आठवड्यात पडत नसतं. तो प्रश्नच नाही.

पाटाचं_पाणी, आमच्याकडे (आम्ही विदर्भातले) एकाने अशीच माती घेतली होती. पहिलं पीक जोरात आलं हे खरं. पण खुरपायला बायका येईनात. काचेचे तुकडे, ब्लेडची पाती, सुया. चाळणीतून बारीक काच खाली येतेच. एकीच्या तळहाताला टाके पडले. दुसरं म्हणजे ते रान उन्हाळ्यात पांढरं पडायला लागलं, वर मीठ फुलल्यासारखं. पुढच्या हंगामात मिरचीची रोपं बसलीच नाहीत. धातूंचं मला कळत नाही, पण या दोन गोष्टी डोळ्यांनी पाहिल्यात.

अम्लराज

मी माती-पाणी तपासणीच्या क्षेत्रात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पालक हिरवागार का आला? कारण त्या मातीत सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद आणि जस्त भरपूर असतं. शहराचं उरलंसुरलं अन्न कुजून तिथेच मुरलेलं असतं ना. खुरपं म्हणतात ते पांढरं पडणंही त्यातलंच: क्षार. म्हणजे हिरवेपणा खरा आहे, पण त्यावरून शिसं-कॅडमियमबद्दल काहीच कळत नाही. पिकाला त्रास व्हायला लागण्याच्या कितीतरी आधी कॅडमियम पानात खाणाऱ्याला नको इतकं साठू शकतं. रोप दिसायला ठणठणीतच असतं.

आता धातू कुठे असतात ते बघा. उघड्या डेपोत कचरा सुरुवातीला आंबतो, सामू (pH) उतरतो, आणि त्या काळात धातू विरघळून काळ्या पाण्याबरोबर थोडे बाहेर येतात. पुढे हवा नसलेल्या थरांत मिथेन तयार होऊ लागला की सामू परत वर येतो, आणि बरेचसे धातू सल्फाइड किंवा कार्बोनेट होऊन तिथेच बसतात. थोडक्यात, जुन्या डेपोतला धातूंचा फार मोठा भाग अजून डेपोतच असतो. कुजून हलकं झालेलं उडून गेलं, प्लास्टिक आता तुम्ही काढून घेतलंत, दगड काढलेत, आणि धातू ज्याला चिकटून बसतात तो बारीक भाग चाळणीखाली गोळा झाला. भावाला देऊ केलेली माती नेमकी तीच आहे.

दिल्लीच्या आयआयटीतल्या संशोधकांनी दिल्ली, हैदराबाद आणि कडप्पा इथल्या जुन्या डेपोंतली अशी चाळलेली माती तपासली होती. आसपासच्या साध्या मातीपेक्षा तिच्यात धातू आणि क्षार जास्त निघाले, आणि पाण्यात ढवळल्यावर गडद रंग सुटला.

भावासाठी हिशोब मांडतो. एका एकरातल्या वरच्या अर्ध्या फूट मातीचं वजन साधारण ९ लाख किलो. दहा हायवा म्हणजे प्रत्येकी १५ टन धरून १५० टन. समजा त्या मातीत शिसं किलोला २०० मिलिग्रॅम आहे (समजा म्हणतोय, तुमच्या डेपोचा आकडा मला माहीत नाही). तर त्या एकरात ३० किलो शिसं पडलं. नांगरून मिसळल्यावर दर किलो मातीत तीसेक मिलिग्रॅमची भर. आपल्या बेसॉल्टच्या काळ्या मातीत शिसं मुळातच कमी, दहा-वीसच्या आसपास असतं. म्हणजे एका फेरीत ते दुपटी-तिपटीवर गेलं. यातून उद्या कोणी मरणार नाही. पण नत्र पिकाबरोबर निघून जातं, शिसं निघत नाही. पुढच्या वर्षीच्या दहा हायवा त्यावरच पडणार, आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्याही.

पाटाचं_पाणी

अम्लराज, आभार. हा हिशोब भावाला जसाच्या तसा पाठवला. त्याचं उत्तर आलं: "आपलं मृदा आरोग्य पत्रिकेचं कार्ड आहे की, त्यात सगळं ठीक आलंय."

अम्लराज

त्या कार्डात बारा गोष्टी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक, पारा त्यात नाहीतच. कार्ड पिकाला काय कमी पडतंय ते सांगण्यासाठी आहे. आणि त्यातलं तांबं-जस्तही पिकाला मिळू शकणारं मोजतात, एकूण नव्हे.

चाळणीवाला

मी याच धंद्यात आहे, दुसऱ्या जिल्ह्यात साइटवर. इथे सगळे ठेकेदाराला व्हिलन करतील म्हणून दुसरी बाजूही लिहितो.

जुना डेपो उपसला की वजनाने सर्वात जास्त हाच बारीक माल निघतो. बऱ्याच ठिकाणी निम्मा किंवा त्याहूनही जास्त. प्लास्टिकला सिमेंट भट्टी मिळते, दगड-राडारोडा भरावाला जातो, पण या मातीला गिऱ्हाईक नाही. बिल निघतं टनावर आणि जागा मोकळी केल्यावर. मग सांगा, ती माती ठेवायची कुठे? मुलुंडच्या डेपोत ७० लाख टन कचरा उपसायचं काम निघालं, देवनारला १८५ लाख टनांचा आकडा आहे. त्यातून बाहेर पडणाऱ्या मातीचा ढीग डोळ्यांसमोर आणा.

नियमाचं म्हणाल तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. माल खताच्या निकषात बसला तर खत म्हणून, नाहीतर सखल जागा भरायला, रस्त्याच्या भरावाला वगैरे वापरता येतो. आम्ही तपासणी करतो. सगळेच चोर नसतात.

मुक्काम_गोवंडी

चाळणीवाला, तपासणी किती मालामागे एक? प्रामाणिकपणे सांगा.

मी देवनारच्या सावलीत वाढले. १९२७ पासून मुंबई तिथे कचरा टाकतेय. शंभर वर्षांच्या थरांत एका ठिकाणी खणलं तर कोंबडीची पिसं, दहा पावलांवर रंगाचे डबे, पुढे बॅटरीच्या काड्या. एका पिशवीभर नमुन्याने कुठल्या थराबद्दल काय सांगणार?

आणि तुम्ही सगळे उपसलेल्या मातीबद्दलच बोलताय, आगीबद्दल कोणी काही म्हणत नाही. जानेवारी २०१६ ची आग आठवतेय? धूर उपग्रहाच्या चित्रात दिसत होता, महापालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मार्चमध्ये पुन्हा पेटला. त्या मोठ्या आगी पेपरात येतात. पण वायरी जाळून तांबं काढणाऱ्यांच्या छोट्या आगी रोजच्या असतात. ती राख उडून कुठे बसते? आमच्या पत्र्यांवर, अंगणात, पोरं गोट्या खेळतात त्या मातीत.

अम्लराज

मुक्काम_गोवंडी, तुमचा मुद्दा माझ्या पहिल्या प्रतिसादात यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. वायरचं आवरण पीव्हीसी असतं, त्यात क्लोरीन. जुन्या पीव्हीसीत टिकाऊपणासाठी शिशाची संयुगं घालत. जळताना शिसं आणि कॅडमियम क्लोराइड होऊन वाफेने उडतात आणि थंड झाल्यावर बारीक राखेला चिकटून खाली बसतात. म्हणून डेपोभोवतीच्या मातीत धातू बघायचे तर फक्त उताराच्या बाजूला पाहून भागत नाही, वाऱ्याच्या बाजूलाही बघावं लागतं. पाण्याने गेलेलं नाल्याच्या कडेने पट्ट्यात सापडतं, आगीने गेलेलं वरच्या एक-दोन इंचांत पसरलेलं असतं.

आणि लहान मुलांच्या बाबतीत भाजीपेक्षा हात-तोंडाचा मार्ग मोठा. शिशाची मुलांसाठी सुरक्षित अशी पातळी जागतिक आरोग्य संघटना मानतच नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने घराभोवतीच्या मातीतल्या शिशाची तपासणी-पातळी (जिच्या वर गेलं की अधिक तपास करायचा) २०२४ मध्ये किलोला ४०० मिलिग्रॅमवरून २०० वर आणली.

चाळणीवाला

किती मालामागे एक, ते मी इथे लिहीत नाही. पुरेसं नसतं, एवढं मान्य.

नाबाद_९९

बरं, आता माझं ऐका. खत नियंत्रण आदेशातले शहरी कंपोस्टचे निकष काढून बघितले. किलोला मिलिग्रॅममध्ये: आर्सेनिक १०, कॅडमियम ५, क्रोमियम ५०, तांबं ३००, पारा ०.१५, निकेल ५०, शिसं १००, जस्त १०००. मग एका विद्यापीठाचा पेपर सापडला, त्यात दख्खनच्या साध्या शेतजमिनीत क्रोमियम शंभराच्या वर! म्हणजे कचरा न टाकलेलं आपलं रानच नापास. आता काय, सगळी काळी जमीन उपसून फेकायची? म्हणून म्हणतो, आकडे दाखवून घाबरवू नका.

अम्लराज

नाबाद, हा या धाग्यातला सर्वात चांगला प्रश्न आहे, आणि तो तुम्ही विचारलात याचा आनंद आहे. :)

बेसॉल्ट खडकातच क्रोमियम, निकेल, तांबं भरपूर. आपली काळी माती त्या खडकाची झीज, म्हणून तिच्यातही ते असणारच. ते क्रोमियम बहुतेक खनिजांच्या जाळीत अडकलेलं, त्रिसंयुजी (कमी विषारी रूपातलं), पिकाला जवळजवळ न मिळणारं. कंपोस्टचा निकष शेतजमिनीला लावायचा नसतो. तो बाहेरून आणून टाकायच्या मालासाठी आहे.

म्हणूनच नुसता अहवालातला आकडा वाचून काही ठरवू नये. डेपोजवळच्या शेतात क्रोमियम १२० आलं आणि तीन-चार किलोमीटर लांबच्या, त्याच प्रकारच्या रानातही ११५ आलं, तर डेपोचा काही संबंध नाही. पण तिथे शिसं १५ आणि इथे ९० असेल, तर बातमी आहे. विदर्भ-मराठवाड्यात शिसं, कॅडमियम आणि जस्त एकत्र चढलेले दिसले तर कचऱ्याकडे बोट जातं, नुसतं क्रोमियम-निकेल दिसलं तर आधी खडकाकडे बघावं.

आपल्या काळ्या मातीच्या बाजूने अजून एक गोष्ट: सामू ८ च्या आसपास, चुनखडी असते, चिकणमाती धातूंना घट्ट धरते. शिसं तर जागचं हलत नाही. कोकणातल्या किंवा गोव्यातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत हाच माल टाकला तर कॅडमियम, जस्त जास्त सुटे होतात. पण काळ्या मातीवर फार विसंबू नका. उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात, आणि पहिल्या पावसात डेपोचं पाणी मातीत न गाळता त्या भेगांतून थेट खाली जातं. शिवाय आर्सेनिक आणि षट्‌संयुजी (जास्त विषारी रूपातलं) क्रोमियम उलट विम्लधर्मी मातीत जास्त हलतात.

फुरसुंगी_फाटा

विहिरींचं काय मग? आमच्याकडे उरुळी देवाची–फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्यापायी विहिरी गमावल्या, टँकरवर दिवस काढले, किती वेळा गाड्या अडवल्या. छत्रपती संभाजीनगरला नारेगावच्या लोकांनी २०१८ मध्ये गाड्या बंद केल्या तेव्हा शहराची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी पाहिलं. लोक काही प्रयोगशाळेचा अहवाल वाचून रस्त्यावर येत नाहीत. पाण्याला वास आला, रंग आला, की कळतं.

अम्लराज

वास-रंग बहुतेकदा सेंद्रिय द्रव्य, अमोनिया, लोह आणि मंगल यांचा असतो. ते त्रासदायक आहेच, पण शिसं किंवा कॅडमियमला रंगही नाही, वासही नाही. पिण्याच्या पाण्यात भारतीय मानकाप्रमाणे लिटरला शिसं ०.०१ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.००३ पेक्षा जास्त नको. हे जिभेला कळणारे आकडे नाहीत. विहीर घाण झाली म्हणून धातू असतीलच असं नाही, आणि पाणी नितळ दिसतं म्हणून नसतील असंही नाही. तपासणी वेगळी मागावी लागते.

जपानी_मिरची

थोडं अवांतर. मी तोयामा भागात नोकरीला आहे. इथल्या जिन्झू नदीला कामिओका खाणीतून कॅडमियम आलं, ते भातशेतीत बसलं, आणि लोकांना इताई-इताई नावाचा आजार झाला: मूत्रपिंड निकामी, हाडं ठिसूळ. कचरा डेपो नव्हे, खाण होती, मान्य. सांगायचं ते पुढचं. १९६८ मध्ये सरकारने आजाराचं कारण कॅडमियम म्हणून मान्य केलं. शेतं दुरुस्त करायचं काम १९७९ पासून २०१२ पर्यंत चाललं, ८०० हेक्टरहून जास्त. पद्धत काय, तर वरची माती काढून खाली गाडायची आणि वर स्वच्छ माती आणून पसरायची. एवढ्या श्रीमंत, एवढ्या शिस्तीच्या देशालाही दुसरा उपाय सापडला नाही. टाकायला एक दुपार पुरते.

खुरपं

मोहरी, सूर्यफूल, वाळा लावून धातू शोषून घेता येतात असं वाचलं होतं. ते खरं का?

अम्लराज

होतं, पण एका हंगामात फारच थोडं कमी होईल. शिसं तर मुळं फारसं वर चढूच देत नाहीत. दशकं लागतात, आणि कापलेलं पीक पुन्हा कुठे टाकायचं हा प्रश्न उरतोच. वाळ्याचा खरा उपयोग डेपोच्या उतारावर माती धरून ठेवायला. असलेल्या मातीत धातू बांधून ठेवायचे तर चांगलं कुजलेलं शेणखत, सामू सातच्या वर ठेवणं, आणि जस्ताची कमतरता होऊ न देणं. जस्त कमी असेल तर रोप कॅडमियम जास्त ओढतं.

वकिली_कोट

कायद्याचं कोणी काढलं नाही म्हणून लिहितो. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम आणले: जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवायच्या, राज्य मंडळाने तपासायच्या, प्रदूषण करणाऱ्याने खर्च सोसायचा. वाचून बरं वाटतं. पण त्यात खाणकाम, किरणोत्सारी कचरा, समुद्रातलं तेल यांच्याबरोबर घनकचऱ्याच्या डेपोंनाही बाजूला ठेवलंय. त्यांच्या कचऱ्याबरोबर दुसरं घातक द्रव्य मिसळून ठरलेली पातळी ओलांडली असेल तरच हे नियम लागू. म्हणजे डेपोशेजारच्या शेतकऱ्याने आधी ते सिद्ध करायचं. आणि ज्या शेतात माती त्याने स्वतः बोलावून टाकून घेतली, तिथे उद्या भांडायचं कोणाशी? पाटाचं_पाणी, भावाने माती घेताना कशावर सही करायची आहे का, ते बघा.

पाटाचं_पाणी

वकिली_कोट, नेमकं तेच झालं. भाऊ साइटवर जाऊन आला. एका छापील कागदावर सही मागतात: "सदर माती मी माझ्या मागणीवरून घेत आहे." अहवाल मागितला तर एक पान दाखवलं. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, ओलावा, कर्ब. धातूंचा रकाना नाहीच. दुसरं पान आहे का विचारलं तर म्हणे ऑफिसला आहे. भाऊ तसाच परत आला. माझ्या हिशोबाने नाही, त्या कागदाने त्याला थांबवलं!

आता त्याला स्वतःच्या रानाची आणि विहिरीची तपासणी करायची आहे, डेपो इतका जवळ आहे म्हणून. नमुना कसा घ्यायचा?

अम्लराज

गॅल्व्हनाइज्ड घमेलं किंवा रंगाचं फावडं वापरू नका, त्यातूनच जस्त-शिसं येईल. स्टीलचा खुरपा किंवा लाकडी फळी, आणि प्लास्टिकची स्वच्छ बादली. रानात आठ-दहा जागी वरच्या अर्ध्या फुटाची माती घेऊन एकत्र करा, चौथाई पद्धतीने (ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन काढून टाकत) अर्धा किलो ठेवा, सावलीत वाळवा. डेपोच्या आणि नाल्याच्या बाजूचा नमुना वेगळा ठेवा, मिसळू नका. आणि लांबच्या, तशाच काळ्या रानातला एक नमुना नक्की घ्या. तो नसेल तर बाकीचे पैसे वाया. एनएबीएल मान्यता (प्रयोगशाळांची राष्ट्रीय मान्यता) असलेल्या प्रयोगशाळेत "एकूण शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल, तांबं, जस्त, आर्सेनिक, पारा" असं लिहून द्या. परवडत असेल तर शिसं-कॅडमियमसाठी डीटीपीए या रसायनाने सुटणारा, म्हणजे पिकाला मिळू शकणारा भागही मागा. पाण्याचा नमुना वेगळ्या बाटलीत, ती प्रयोगशाळेकडूनच आणा, त्यात आम्ल घातलेलं असतं.

पाटाचं_पाणी

घेतो. शेवटचा प्रश्न, काकांचा. त्यांच्या रानात पडून गेलीय. ते आता घाबरलेत आणि उगाच चिडलेतही, मला म्हणाले तुझ्यामुळे माझा पालक बदनाम होणार. त्यांनी काय लावावं?

अम्लराज

त्यांनाही आधी तपासणीच. तोवर पालेभाजी आणि मुळा-गाजर टाळावं. पालक, माठ, मेथी कॅडमियम पानात ओढतात, आणि पानांना-मुळांना चिकटलेल्या मातीतून शिसं जातं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत पालेभाजीला किलोमागे शिसं ०.३ आणि कॅडमियम ०.२ मिलिग्रॅम एवढीच सूट आहे. त्यामानाने टोमॅटो, भेंडी, वांगी, दोडका यांच्या फळात फार कमी पोहोचतं. आकडे वाईटच आले तर झेंडू, शेवंती.

खुरपं

कापूस का नाही? खायचं पीक नाही.

चाळणीवाला

सरकी. तिची पेंड म्हशीला जाते ना.

खुरपं

हां. मग झेंडूच. काकांना सांगा, दसऱ्याला पालकापेक्षा भाव बरा मिळतो.